सरासरी पाऊस म्हणजे किती वर्षांचा?

‘यंदा पाऊस सरासरीहून कमी झाला’ हे वाक्य आपण दरसाल वर्तमानपत्रांत वाचतो, तहसील कचेरीत ऐकतो आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून स्वतःही बोलतो. यातील ‘यंदा’ व ‘पाऊस’ हे शब्द सर्वांस कळतात. ‘सरासरी’ हा शब्दही कळतो असे वाटते. परंतु कोणती सरासरी, किती वर्षांची, कोठे व कोणी मोजलेली, असे कोणी विचारले म्हणजे बहुतेकांस उत्तर सुचत नाही. वस्तुतः हे तीन प्रश्न सुटल्यावाचून त्या वाक्यास काही अर्थच उरत नाही. पाच वर्षांची सरासरी आणि पन्नास वर्षांची सरासरी या नावाने एक असल्या तरी त्यांच्या अंगचा विश्वासूपणा एक नाही. तो कसा व किती बदलतो, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय थोडा गणिताचा आहे खरा. तथापि आठव्या इयत्तेतील विद्यार्थ्यास जेवढे गणित येते तेवढ्यावर काम भागेल, व ज्या पालकांचा पाटीशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली त्यांसही यात अडखळण्यासारखे काही नाही.

आपल्या सालेकशाच्या मुलखात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. एका अंगास मध्यप्रदेश व दुसऱ्या अंगास छत्तीसगड असा हा सीमेवरचा डोंगराळ प्रदेश. नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी येथून पुढे दरेकशाच्या डोंगरात शिरते, आणि पावसाळ्यात हाजऱ्याचा धबधबा किती जोराने कोसळतो त्यावरून लोक पावसाचा अदमास बांधतात. वर्षाकाठी येथे बाराशे मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पश्चिम विदर्भातील माणसास हा आकडा हेवा वाटण्याजोगा आहे. पण आपले मुख्य पीक धान, आणि धानास पाणी वर्षाकाठी किती पडले यापेक्षा वेळेवर पडले की नाही याची चाड अधिक. परे टाकल्यावर पावसाने दडी मारली की रोवणी खोळंबते. हलके धान कसेबसे निघाले तरी भारी धानास हस्ताच्या पावसाची आस लागून राहते. या अडचणीवर तोड म्हणून पूर्वजांनी गावोगाव तलाव व बोड्या बांधल्या. ज्यांस आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात ते तलाव बांधणाऱ्यांजवळ पर्जन्यमापक नव्हता. त्यांच्याजवळ होती ती पिढ्यान् पिढ्यांची आठवण, आणि ती, आमच्या मते, पुष्कळदा पाचदहा वर्षांच्या कागदापेक्षा बरी होती.

आता प्रथम एक छोटासा हिशेब करू. पुढील आकडे उदाहरणाकरिता कल्पिलेले आहेत, कोणत्याही वहीतून उतरवलेले नाहीत. एखाद्या गावी लागोपाठ पाच वर्षे १०१०, १४६०, ११८०, १३९० व ९६० मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज ६०००; पाचांनी भागिले असता सरासरी १२०० येते. सहाव्या वर्षी पाऊस चांगला होऊन १५६० मिलिमीटर भरला. आता शेवटच्या पाच वर्षांची सरासरी काढा. पहिले वर्ष गळले, सहावे आले. बेरीज ६५५०, सरासरी १३१०. एका वर्षाची अदलाबदल झाली आणि गावाचा ‘सरासरी पाऊस’ ११० मिलिमीटरांनी वाढला. हा फरक लहान समजू नये. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४०४७ लिटर पाणी पडते. त्या हिशेबाने ११० मिलिमीटर म्हणजे दर एकरी सुमारे साडेचार लाख लिटर पाणी. हे पाणी आकाशातून आले नाही, ते केवळ भागाकारातून आले. हीच अदलाबदल पस्तीस वर्षांच्या सरासरीत झाली असती तर ती सरासरी सुमारे सोळाच मिलिमीटरांनी हलली असती. थोड्या वर्षांच्या सरासरीत प्रत्येक वर्षाचे वजन फार असते. एक लहरी वर्ष सगळे पारडे झुकवते. वर्षे वाढली म्हणजे अतिवृष्टीचे एक वर्ष व अवर्षणाचे एक वर्ष परस्परांचा भार उतरवितात.

ही गोष्ट मोजून दाखविणाऱ्यांपैकी एका गृहस्थाचा संबंध आपल्या विदर्भाशी आला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. अलेक्झांडर बिनी हे त्यांचे नाव. १८६८ साली हे तरुण इंग्रज इंजिनिअर हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि मध्यप्रांतात नागपूर शहरास पाणी पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. भोसल्यांच्या काळच्या अंबाझरी तलावाचा बांध वाढवून त्याचे पाणी नळाने शहरात न्यावयाचे होते. बांध किती वाढवावा, हे ठरविण्यास दोन गोष्टी कळणे अवश्य होते: तलावाच्या पाणलोटात पाऊस किती पडतो, आणि पडलेल्या पावसापैकी तलावात किती उतरतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा येथे कोणाजवळच नव्हते. म्हणून बिनी यांनी १८६९ व १८७२ या वर्षी तलावाच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर पाणलोटात पाऊस व वाहून येणारे पाणी ही दोन्ही मोजली.

त्या मापनांवरून जे कोष्टक तयार झाले ते आजही इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकांत ‘बिनीची टक्केवारी’ या नावाने छापलेले असते, आणि विदर्भात व मध्यप्रदेशात तलावाचे पाणी अजमावण्याकरिता ते पुष्कळ काळ वापरले गेले. त्यातील दोन ओळी पाहण्याजोग्या आहेत. वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटर असल्यास त्यापैकी ३८ टक्के वाहून तलावास मिळतो. पाऊस ५०० मिलिमीटर असल्यास केवळ १५ टक्के. पहिल्या वर्षी तलावास ३८० मिलिमीटर, दुसऱ्या वर्षी ७५! पाऊस निम्मा झाला, पण तलावाचे पाणी निम्मे न होता पंचमांशावर आले. याचे कारण उघड आहे. कोरडी जमीन आपली तहान आधी भागविते, काही पाणी वाफ होऊन जाते, आणि उरले तर ते ओढ्यानाल्यांतून तलावाकडे वळते. यावरून असे निघते की, पावसाच्या सरासरीत थोडी चूक झाली तर तलावाच्या हिशेबात ती चूक वाढून येते. ज्याने पाच बऱ्या वर्षांच्या भरवशावर तलाव बांधला, त्याचा बांध वाईट वर्षी कोरडा दिसणार.

आणि तरीही हे कोष्टक स्वतः दोनच वर्षांच्या मोजणीचे! बिनी यांचा यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. शहर तहानलेले होते, काम थांबविता येत नव्हते, आणि दोन वर्षांची मापने ही शून्य मापनांपेक्षा कितीतरी चांगली. पुढे शंभर वर्षे तेच कोष्टक काढून ज्यांनी नवी मापने करण्याचा आळस केला असेल, त्यांच्याविषयी मात्र इतके उदार होता येत नाही.

थोड्या वर्षांच्या आकड्यांवर मोठी बांधकामे उभारावी लागतात ही टोचणी बिनी यांच्या मनास लागली असावी, असे त्यांच्या पुढील कामावरून वाटते. १८७३ साली ते विलायतेस परतले. तेथे ब्रॅडफर्ड शहराचे पाणीपुरवठ्याचे काम त्यांनी पाहिले, पुढे लंडन कौंटी कौन्सिलचे ते मुख्य इंजिनिअर झाले, आणि टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा १८९७ साली त्यांच्याच देखरेखीखाली पुरा झाला. या उद्योगांतून सवड काढून १८९२ साली त्यांनी पावसाच्या सरासरीवर एक निबंध प्रसिद्ध केला. ठिकठिकाणच्या लांब नोंदी घेऊन त्यांचे पाच, दहा, वीस वर्षांचे तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी पूर्ण नोंदीच्या सरासरीपासून किती ढळते ते पाहावयाचे, अशी त्यांची रीत. निष्कर्ष असा निघाला की, पाच वर्षांची सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी ढळू शकते. दहा वर्षांची ८, वीस वर्षांची ३, आणि पस्तीस वर्षांची २ टक्क्यांच्या आत. पस्तिसाच्या पुढे वर्षे वाढवून फारसा लाभ दिसत नाही, म्हणून पस्तीस वर्षांची नोंद पुरेशी मानावी, असे इंजिनिअर लोक तेव्हापासून म्हणू लागले.

येथे गणिताच्या विद्यार्थ्यांनी थोडे सावध राहावे. प्रत्येक वर्षाचा पाऊस जर मागील वर्षाशी काही संबंध न ठेवता पडत असेल, तर सरासरीतील चूक वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. वर्षे चौपट केली तर चूक निम्मी. एकेका वर्षाचा पाऊस सरासरीपासून साधारण २० टक्क्यांनी मागेपुढे होतो असे धरून चाला. तर चार वर्षांच्या सरासरीत १० टक्के, पंचवीस वर्षांच्या सरासरीत ४ टक्के आणि शंभर वर्षांच्या सरासरीत २ टक्के अनिश्चितता उरते. बिनी यांचे आकडे या नियमाहून उदार आहेत. कारण असे की त्यांनी तुकड्याची तुलना ज्या लांब नोंदीशी केली, तो तुकडा त्याच नोंदीत सामावलेला होता. तुकडा जो जो लांब, तो तो तो स्वतःचीच तुलना स्वतःशी करू लागतो. अर्थात पस्तीस हा आकडा देवाने लिहून दिलेला नाही. तो व्यवहाराचा आकडा आहे, आणि व्यवहारात तो बरा चालतो.

परंतु ‘मागील वर्षाशी काही संबंध न ठेवता’ हे जे आम्ही वर गृहीत धरले, ते तरी खरे आहे काय? पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. फारो राजाने सात धष्टपुष्ट गाई व सात रोडक्या गाई स्वप्नात पाहिल्या, आणि योसेफाने त्याचा अर्थ सुकाळाची सात वर्षे व त्यामागून दुष्काळाची सात वर्षे असा लाविला. ही कथा आम्ही येथे सरासरीच्या दृष्टीने पाहतो. मिसर देशात एखाद्या कारकुनाने सुकाळाच्या पहिल्या वर्षी नोंदवही उघडली असती व सात वर्षे काटेकोरपणे भरली असती, तर त्याच्या वहीत खोटा आकडा एकही नसता. तरीही वही पाहून राजास जो सल्ला मिळाला असता तो राज्य बुडविणारा ठरला असता. बरी वर्षे बऱ्यांच्या जवळ आणि वाईट वर्षे वाईटांच्या जवळ येण्याची सवय निसर्गास असेल, तर सात वर्षे म्हणजे सात साक्षीदार नव्हेत. ते एकाच साक्षीदाराने सात वेळा दिलेले उत्तर होय.

गंमत अशी की ही सवय शास्त्रज्ञांस पुढे त्याच मिसर देशात, त्याच नील नदीच्या काठी आढळली. कैरोजवळ रोडा बेटावर नदीचे पाणी मोजण्याचा एक जुना दगडी स्तंभ आहे, आणि नील नदीच्या वार्षिक उंचीच्या नोंदी इसवी सनाच्या सातव्या शतकापासून जपलेल्या आहेत. हॅरॉल्ड एडविन हर्स्ट नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०६ साली मिसरात आले आणि नीलवर धरण बांधावयाचे तर त्यात किती पाणी साठविण्याची सोय हवी, या प्रश्नाच्या मागे लागले. शतकानुशतकांचे आकडे चाळता त्यांना दिसले की उंच पुराची वर्षे घोळक्याने येतात आणि टंचाईची वर्षेही घोळक्याने येतात. नाणे उडविल्यावर छाप व काटा ज्या बेफिकिरीने पडतात तसे हे नाही. १९५१ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे मँडलब्रॉट व वॉलिस या दोघांनी या सवयीस १९६८ साली ‘योसेफ-परिणाम’ असे नावच देऊन टाकले! याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की वर्षे वाढविल्याने चूक घटते खरी, पण वर्गमुळाचा नियम सांगतो त्यापेक्षा सावकाश घटते. म्हणून आपल्याला वाटते त्याहून लांब नोंद हवी.

आपल्या देशाच्या पावसातही असे घोळके आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत बी. पार्थसारथी व त्यांचे सहकारी यांनी देशभरच्या ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदी जुळवून १८७१ पासूनची एक सलग मालिका तयार केली. तीवरून असे दिसते की साधारणतः १८८० ते १८९५ व १९३० ते १९६३ हे काळ मोसमी पावसाचे बरे होते, आणि १८९५ ते १९३० व १९६३ ते १९९० या काळांत अवर्षणाची वर्षे वरचेवर आली. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांचे दुष्काळ मध्यप्रांतास किती महाग पडले, हे जुन्या मंडळींच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत असे. आणि १९७२ च्या दुष्काळाची आठवण असणारे आजोबा तर आजही घरोघर आहेत. आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. १९३५ साली वॉर्सा येथे निरनिराळ्या देशांच्या हवामानखात्यांचे प्रमुख जमले व हवामानाची प्रमाण सरासरी तीस वर्षांची असावी असे ठरून १९०१ ते १९३० हा पहिला प्रमाणकाळ धरण्यात आला. जगाच्या दृष्टीने निवड सोयीची होती. हिंदुस्थानच्या दृष्टीने मात्र ती तिसाच्या तीस वर्षे एका कोरड्या घोळक्यात पडत होती. तीस वर्षे हा आकडा काही थोडा नव्हे, तरीही तो येथे एकाच बाजूस कलला.

वर्षांची संख्या ही नोंदीची एक बाजू झाली. नोंद लांब आहे पण एकजीव नाही, तर तिची लांबी फुकट जाते. चांगल्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ठराविक उंचीवर, आपल्याकडे तीस सेंटिमीटरांवर, असते. जवळच्या झाडाच्या वा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा लागतो. पहिल्या वर्षी जवळ लावलेले कडुनिंबाचे रोप विसाव्या वर्षी मोठा वृक्ष होते, आणि पाऊस कमी न होताही वहीतील पाऊस कमी होऊ लागतो. कोठे कचेरीची इमारत बदलते व मापकही तिच्याबरोबर स्थलांतर करतो. वहीत मात्र त्याची ओळ नसते. जुन्या वह्यांत इंच व इंचाचे शतांश असतात, नंतरच्यांत मिलिमीटर. सर्वांत फसवी गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. आपले ठिकाण पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. तो जिल्हा मध्यप्रांतात, मग मध्यप्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा ‘भंडारा जिल्ह्याचा पाऊस’ या शब्दांचा १९९८ सालचा अर्थ व २००० सालचा अर्थ एक नव्हे. डोंगर जागच्या जागी राहिले, ढगही राहिले, सरासरीचे कुंपण तेवढे हलले. जो कोणी दोन्ही आकडे एका रेघेने जोडील त्यास हवामान बदलल्याचा भास होईल.

अशा चुका शाळेतल्या वहीतही होतात. तेथे त्या लवकर सापडतात इतकेच. पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावयाचा असा हवामानखात्याचा शिरस्ता आहे. समजा शनिवारी सकाळी मापन झाले, रविवारी सुटी म्हणून कोणी गेले नाही, आणि सोमवारी मापकात ७० मिलिमीटर पाणी निघाले. वहीत सोमवारी ७० लिहिले. वास्तविक रविवारच्या सकाळपर्यंत ४० व त्यानंतर ३० पडला असेल. महिन्याची बेरीज बरोबर आली. परंतु न घडलेली अतिवृष्टी वहीत घडली. कारण आपल्या राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास तो अतिवृष्टी समजला जातो आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे या आकड्याशी बांधलेले असतात. तद्वतच ज्या दिवशी मापन झाले नाही तेथे शून्य लिहिणे हा दुसरा अपराध. ‘पाऊस नाही’ व ‘नोंद नाही’ या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिलीस शून्य, दुसरीस रेघ.

अतिवृष्टीचा विषय निघाला तर सरासरीहून अवघड अशा एका प्रश्नाकडे वळले पाहिजे. सरासरीकरिता पस्तीस वर्षे बरी पुरतात. क्वचित् येणाऱ्या संकटाकरिता ती मुळीच पुरत नाहीत. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे शब्द धरणांच्या व पुलांच्या संबंधात आपण ऐकतो. त्याचा अर्थ असा की तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरात एक. असा पूर तीस वर्षांच्या वहीत सापडण्याचा संभव हिशेबाने शंभरात सुमारे सव्वीस निघतो. म्हणजे तीस वर्षे वही राखणाऱ्या चौघांपैकी तिघांनी तो पाहिलेलाच नसणार, आणि ‘आमच्या गावी असे कधी होत नाही’ असे ते तिघेही प्रामाणिकपणे सांगणार. शंभर वर्षे वही राखली तरी तो न दिसण्याचा संभव शंभरात सदतीस आहे.

मुंबईस १८४१ पासून कुलाब्याच्या वेधशाळेत हवामानाची नियमित निरीक्षणे होत आली. एवढी जुनी वही देशात फार थोड्या ठिकाणी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझच्या मापकात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरातील त्याच कुलाब्यास अवघा सुमारे ७३. जुन्या वहीने त्या दिवशी जवळजवळ काहीच पाहिले नाही! वही लांब असावी तशी ती दाटही असावी, एवढे यावरून कळते. सालेकशासारख्या डोंगराळ भागात हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. एका गावी ओढ्यास पूर असतो आणि डोंगरापलीकडच्या गावी रोवणीस पाणी नसते. तहसिलीच्या एका मापकाने दोन्ही गावांचा न्याय करणे कठीण. ही उणीव भरून काढण्याकरिता महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘महावेध’ या नावाखाली महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. काम चांगले झाले. परंतु दाट झालेली ही वही वयाने कोवळी आहे. तिच्यातील आजचा आकडा आजच्या पंचनाम्यास पुरतो. तिच्यावरून मंडळाची ‘सरासरी’ सांगू लागणे म्हणजे योसेफाच्या सात वर्षांचीच गोष्ट पुन्हा करणे होय. पीकविम्याच्या २०२० च्या नियमांत उंबरठा उत्पादन ठरविताना मागील सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षे धरण्याची तरतूद आहे. तेथेही हा सात आकडा पाहून आम्हांस त्या गाईंची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘मग जितकी जुनी वही तितकी बरी, शक्य असल्यास कौटिल्यापासून सुरुवात करू!’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात एक अरत्नी रुंद तोंडाचे भांडे पाऊस मोजण्याकरिता ठेवावे असे सांगितले आहे, आणि अश्मक देशी साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण असे पावसाचे आकडेही दिले आहेत. ते किती वर्षांच्या मापनावरून काढले हे मात्र ग्रंथकाराने सांगितलेले नाही. यास्तव एवढा जुना आकडा असूनही त्याचा आपल्या कामास उपयोग नाही. आणि खरी अडचण याहून पुढची आहे. हवामान स्वतःच बदलत असेल तर फार जुनी वर्षे आजच्या हवामानाची साक्ष देत नाहीत. थोडी वर्षे घ्यावी तर सरासरी डळमळते. फार वर्षे घ्यावी तर सरासरी जुनाट होते. या कात्रीतून पूर्णपणे सुटका नाही. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेने तीस वर्षांचा काळ कायम ठेवून दर दहा वर्षांनी तो पुढे सरकविण्याचे ठरविले. हल्लीचा प्रमाणकाळ १९९१ ते २०२० आहे. भारताच्या हवामानखात्याने मोसमी पावसाकरिता पन्नास वर्षे धरिली. १९६१ ते २०१० या काळावरून जून ते सप्टेंबरचा देशाचा सरासरी पाऊस ८८०.६ मिलिमीटर धरला जात होता. २०२२ साली १९७१ ते २०२० हा काळ घेऊन तो ८६८.६ करण्यात आला. एकाएकी बारा मिलिमीटर पाऊस उणा झाला असे नव्हे. साठाच्या दशकातील वर्षे गळली आणि अलीकडची दहा आत आली. एखाद्या वर्षी ८७५ मिलिमीटर पाऊस पडला तर जुन्या मापाने तो सरासरीच्या किंचित खाली, नव्याने किंचित वर. शेतकऱ्याच्या बांधीत मात्र तेच पाणी.

सरासरी स्थिर राहूनही हवामान बदलू शकते, हे दाखविणारे एक संशोधन आपल्या भागास लागू आहे. पुण्याच्या त्याच संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या दररोजच्या नोंदी तपासून २००६ साली असे दाखविले की, मध्य भारतात अतिशय जोराच्या पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि एकंदर सरासरी मात्र फारशी हलली नाही. पूर्व विदर्भ त्यांनी घेतलेल्या पट्ट्यात येतो. वर्षाची नुसती बेरीज ठेवणाऱ्या वहीत हा बदल कधीच दिसला नसता, आणि दहा वर्षांच्या वहीत तो योगायोगापासून वेगळा काढता आला नसता. रोजची नोंद व पन्नास वर्षे या दोन्ही असल्या म्हणूनच तो सापडला. ती पन्नास वर्षे ज्यांनी भरली ते बहुतेक सर्व कचेऱ्यांतील कारकून, शाळांतील मास्तर, टपालवाले अशा वर्गातले. ज्या दिवशी पाऊस नव्हता त्या दिवशीही त्यांनी मापक पाहिला व शून्य लिहिले.

शाळेच्या आवारात असा एक मापक बसविला तर त्याचा काय उपयोग, असे विद्यार्थी विचारतील. उत्तर वयाप्रमाणे बदलते. पहिल्या वर्षी त्या वहीवरून सरासरी काढू नये. रोजचा आकडा तहसिलीच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि फरक कोठे पडतो, ढग कोणत्या दिशेने आले, हे टिपावे. पाचव्या वर्षापर्यंत मृगाचा पाऊस आपल्या आवारात किती पुढेमागे येतो याचा अंदाज बसतो, पण बिनी यांचे पंधरा टक्के विसरू नयेत. दहाव्या वर्षानंतर शेजारच्या जुन्या केंद्राशी आपली वही जोडता येते: दहा वर्षांत आपला पाऊस त्या केंद्राच्या पावसाच्या कितव्या हिश्श्याने अधिकउणा, हे प्रमाण निघाले म्हणजे त्या केंद्राच्या जुन्या वर्षांवरून आपल्या जागेच्या जुन्या पावसाचा अदमास बांधता येतो. लहान वहीस मोठ्या वहीचा आधार देण्याची ही रीत जगभर मान्य आहे. त्याकरिता वहीच्या पहिल्या पानावर मापक कोठे बसविला, जवळ कोणते झाड किती उंच आहे आणि मापन किती वाजता होते, एवढे लिहिलेले असावे; सुटीच्या दिवशी मापन कोण करील हेही आधीच ठरलेले असावे. जो विद्यार्थी आठवीत असताना पहिली ओळ लिहील, तो पस्तिसावी बेरीज होईल तेव्हा पन्नाशीच्या जवळ आला असेल, आणि मधल्या वर्षांत ती वही निदान तीस जणांच्या हातून गेलेली असेल.